स्वतःच्या पायांनी

सौदीतल्या ताइफच्या पलीकडे ऊन असं पडतं की सावलीसुद्धा माणसाच्या चपलेखाली शिरून बसते. तिथल्या उंटांच्या वाड्यावर कोकणातल्या म्हसळ्याचा मोहियुद्दीन सोळा वर्षं सुई टोचत होता. मेलेल्या उंटालाही तो दोन कोस चालवील, अशी त्याची ख्याती. आणि त्यात थाप फारशी नव्हती. जनावर मरायला टेकलं की वेदना मारणारं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे ते स्वतःच्या पायांनी ओढ्याच्या कोरड्या पात्रापर्यंत जाऊन पडे. मढं ओढायला ट्रॅक्टर लागत नसे. पुढचं काम गिधाडं करीत. वाड्याची रीतच ती.

त्या सकाळी म्हातारी सांडणी बसली ती उठेना. वाड्याचा मालक आणि त्याच्या व्हिसाचा जामीन, म्हणजे कफील, अबू फहाद गाडीतूनच म्हणाला, "यल्ला, चालव तिला."

"शेख, तिकडे ओढ्यात सात गिधाडं मेलीत. सरकारी डॉक्टरनं फाडून दाखवली. आत चुना माखल्यासारखं पांढरं. उंटाच्या मांसातल्या आपल्याच औषधानं किडन्या गेल्या. हिला इथंच जाऊ द्या, मी पुरतो."

"गिधाडं जावई लागतात काय तुझे? सौदी माणूस घ्यायचा हुकूम आलाय. एक परदेशी कमी करायचाय. तुझं नाव घालू? दुपारपर्यंत सांग."

मोहियुद्दीननं घरी फोन लावला. बायको सुरैया म्हणाली, "पाखरांपायी इकामा, तिथं ऱ्हायाचा परवाना घालवताव? अवो, आपल्या माडांवरची गिधाडा गेली तवा कोन रडला?"

त्यानं फोन ठेवला. ती गिधाडं गेली तेव्हा गावातल्या गुरांना ही सुई तोच द्यायचा.

दुपारी त्यानं सिरिंज गाडीच्या बॉनेटवर ठेवली. "माझ्या हातून नाही, शेख."

"खलास," कफील म्हणाला आणि त्यानं पुतण्याला, तल्हाला, हाक मारली. नव्या नोकरीचा तल्हाचा पहिलाच दिवस. त्यानं चार ठिकाणी भोसकलं. सांडणी उठली, मोहियुद्दीनची बाही हुंगली आणि ओढ्याकडे निघाली.

तो कुदळ घेऊन मागोमाग गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेली. जमीन अशी की कुदळीची धार वळली. गुडघाभर खड्डा झाला नाही तोच आभाळातून गिधाडं उतरली. मग तो दगड मारत सुटला, ज्यांना वाचवायचं त्यांनाच. एकाचा पंख मोडला. उरलेली थोडी सरकून बसली. त्यांना घाई नव्हती.

तिसऱ्या दिवशी कफीलची गाडी त्याला विमानतळावर न्यायला आली. तल्हानं त्याच्या हातातले दगड काढून घेतले. गाडी वळली तेव्हा सांडणीवर गिधाडं तुटून पडली होती, नुसता पंखांचा ढीग.

थाप म्हणून हसायचं तर हसा. पण आधी उठून आपल्या गोठ्यातल्या फळीवरची औषधाची बाटली बघून या.