पायपुसण्यावरचा बोंबील

मी बोलतोय. जरा खाली बघा. अजून खाली. हां, तोच मी, काथ्याचं पायपुसणं. नेरूळच्या एका सोसायटीत, तळमजल्यावर राहणाऱ्या गोवर्धन आणि बायजाच्या दारात मी अकरा वर्षं काढली. पायपुसण्यांत ही पन्नाशीच समजा.

ज्या माडाचा मी काथ्या, तो इतका उंच होता, की शेंड्यावरून शहाळं म्हणून सुटलेलं फळ जमिनीवर पोचेपर्यंत सुकून खोबरं झालेलं असायचं. खोटं वाटत असेल तर त्या माडाला विचारा. तो आता उरला नाही, त्याला मी काय करू?

दारात पडून माणसं कळतात. पाहुणा नवा असला की तीनतीनदा पाय पुसतो. जुना झाला की मला ओलांडून थेट फ्रिज गाठतो. सोसायटीचे सेक्रेटरी पाय पुसायचे, पण घरातून बाहेर पडताना. बायजाचं मात्र ठरलेलं. मासळी विकून दुपारी बाजारातून आली की अंगणातल्या नळावर पाय धुवायचे आणि माझ्यावर खसाखसा पुसायचे. कितीही धुतले तरी कोळंबीचा वास थोडा राहायचाच. मला तो अत्तरासारखा वाटायचा. आणि तिचं नाक! चौथ्या मजल्यावर तव्यात तुकडी पडली की ही खालून सांगणार, "सुरमई हाय. पन परवाची हाय."

अशा घरात गोवर्धनने कुत्रं आणलं. तुर्भ्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्याला दोन महिने झाले होते. बायको बाजारात, मुलगा-सून पुण्याला. हा दिवसभर भिंतींशी बोलायचा. भिंती उत्तर देत नसत, म्हणून मीच द्यायचो. एका सकाळी जुन्या डब्याच्या पिशवीतून तो एक पांढरं, लुळं, बुळबुळीत पिल्लू घेऊन आला. नाव ठेवलं बोंबील.

"बोंबील पायजे व्हता तर मला सांगायचा," बायजा म्हणाली. "किलोभर आनला असता."

"अगं, सोबत होईल."

"का? मी काय मेले हाय?"

बोंबीलने त्याच दुपारी सगळं घर हुंगलं. त्याच्यासाठी पसरलेल्या वर्तमानपत्रावरून तो ऐटीत चालत गेला, दारात आला आणि माझ्यावर मोकळा झाला. बायजाने जागच्या जागी निकाल दिला. "रविवारपत्तूर बगते. भाईर जायाला शिकला तर ऱ्हाईल. नायतर शिवरामला बोलवते, तो जासईला नेईल." शिवराम हा तिचा धाकटा भाऊ. त्याच्या अंगणात आधीच चार कुत्रे होते.

मग गोवर्धनची धावपळ सुरू झाली. दिवसातून दहादा तो बोंबीलला मागच्या कडुनिंबाखाली न्यायचा. बोंबील तिथे गवत चावायचा, फुलपाखरामागे धावायचा, सगळं धरून ठेवायचा आणि घरी येऊन माझ्यावर सोडायचा. बायजा यायच्या आत गोवर्धन मला उलटा करायचा. मंगळवारी माझ्यावर पावडर शिंपडली, बुधवारी गुलाबपाणी, गुरुवारी अगरबत्ती ओवाळली. शेजारणीने जाताजाता मला नमस्कार केला. शुक्रवारी तर एकीने नारळ ठेवला!

खरं सांगू? मी खूश होतो. कुत्रं गेलेलं मला हवंच होतं. गोवर्धन त्याला बाहेर न्यायला लागला की मी हळूच पिल्लाच्या नखात एखादा धागा अडकवून ठेवायचो. निघायला जितका उशीर, तितकं माझं पारडं जड.

शनिवारी संध्याकाळी गोवर्धन माझ्याशेजारी फरशीवर बसला. पिल्लू त्याच्या मांडीत. "बाळा, उद्या एक दिवस लाज राख रे," तो म्हणाला. "तू गेलास तर मी चहा कुणाला दाखवून पिऊ?" त्या दिवशी मी धागा अडकवला नाही.

रविवारी दुपारी शिवराम स्कूटरला टोपली बांधून हजर झाला. पाठोपाठ बायजा आली. पाय धुतले, माझ्यावर पुसले. बोंबील धावत आला, तिची पावलं चाटली, मला हुंगलं आणि सगळ्यांच्या देखत माझ्यावर मोकळा व्हायला बसला, तोच गोवर्धनने त्याला उचललं.

"चला, निकाल लागला," शिवरामने टोपली सोडली.

"थांब." बायजा वाकली. माशाचा कल्ला उचलून बघावा तसं तिने माझं टोक उचललं आणि हुंगलं. "पावडर हाय. गुलाबपानी हाय. अगरबत्ती हाय."

गोवर्धन पंख्याकडे बघायला लागला.

"आनि सगल्यांच्या खाली माजी कोलंबी हाय. त्या वासाला ह्यो पयला आला. मंग त्याचा सोताचा वास बसला. आता पेपरावर कशाला जाईल? अवो, तुमी त्याला नीट शिकवताव, पन मी रोज पाय पुसून त्याला हितंच बोलवते!"

तिने मला उचललं, अनवाणीच कडुनिंबाखाली गेली आणि तिथे आपटलं. "सोडा त्याला."

बोंबील आला. मला हुंगलं. दोन गिरक्या घेतल्या. आणि बोंबील बसला!

गोवर्धनने अशी टाळी वाजवली की कडुनिंबावरचे कावळे उडाले.

"आक्का, मी मोकलाच जाऊ?" शिवरामने विचारलं.

"मोकला कशाला? जेवून जा. रविवार सरला नाय अजून, आनि ह्यो शिकला."

तेव्हापासून मी इथेच, कडुनिंबाखाली आहे. दारात आता हिरवं प्लास्टिकचं पायपुसणं आलंय. त्यात ना वास राहतो ना आठवण. बोंबीलने माझी ख्याती एवढी पसरवली, की सकाळी सातला कुत्र्यांची रांग जुईनगरपर्यंत जाते. अर्धा मी मातीत गेलोय.

तेव्हा साफसफाईवाल्यांनो, एक विनंती. झाडाखाली मी दिसलो तर घाण म्हणून गाडीत टाकू नका. बोंबील अजून लहान आहे. मी हललो तर तो पुन्हा दारात जाऊन बसेल, आणि शिवरामच्या स्कूटरला जासईचा रस्ता पाठ आहे.