सदाच्या नावचं घर

“लिव ना बाय, घर सदाच्या नावान,” ठमी पुन्हा म्हणाली.

वकील प्रणालीने पेन खाली ठेवलं. ठमी थळच्या कोळीवाड्यातली, सारा जन्म बोंबील वाळवण्यात गेलेला. अलिबागला येऊन मृत्युपत्र तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात छातीत कळ आली, आणि आपल्यामागे थोरली सून, सदाची बायको शकू, उघड्यावर पडू नये, या एका विचाराने तिची झोप उडवली. धाकटा केतन वाईट नव्हता, पण पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. घर हाती आलं की शकूला तो गोड बोलून माहेरी पोचवील, हे त्याच्या आईला पक्कं ठाऊक होतं.

“मावशी, सदादादा जाऊन नऊ वर्षं झाली ना?”

“गेला कोन बोलला? गावलाच न्हाय त्यो.”

त्या वर्षी वादळातून बोट मोडकीतोडकी परत आली. खलाशी आले, सदा आला नाही, आणि किनाऱ्याला काही लागलंही नाही. ज्याला डोळ्यांनी पाहिलं नाही त्याचे दिवस कसले घालायचे, म्हणून ठमीने दहावं होऊ दिलं नाही. शकूचं कुंकू पुसायला बायका आल्या, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. नारळी पुनवेला ती शकूला नटवून मिरवणुकीत पुढे काढायची, आणि बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती. शकूच्या कपाळावर कुंकू आहे तोवर आपलं पोर कुठेतरी जिवंत आहे, असं त्या वेड्या आईने धरून ठेवलं होतं.

“सदादादांच्या नावावर ठेवलंत आणि ते नसले,” प्रणाली हळू आवाजात म्हणाली, “तर घर शकूताईंना आपोआप मिळत नाही. त्यांना मूलबाळ नाही. मग वारस केतनच.”

“आसा कसा? नवऱ्याचा घर ता बायकोचाच ना?” ठमी चिडली. कोळीवाड्यात तिने उभ्या जन्मात हेच पाहिलं होतं.

“कायदा तसं म्हणत नाही, मावशी. सरळ शकूताईंचं नाव घालू. पण मग थोरल्या मुलाला का नाही, तेही लिहावं लागेल. खरं ते लिहू. उद्या केतनला भांडायला जागा नको.”

ठमीने दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर शकू बसली होती. घरपट्टीचं काम आहे, एवढंच तिला सांगितलेलं. भांगात कुंकू होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी केस पांढरे होत आले होते. सदा गेला तेव्हा ही तिशीचीही नव्हती. दुसरा संसार झाला असता, लेकरं झाली असती. ते आपण होऊ दिलं नाही. ठमीला स्वतःची लाज वाटली.

“लिव,” ती म्हणाली. “थोरला सदा दर्यात बुडून मेला.”

शेजारच्या दुकानातले दोघे साक्षीला आले. ठमीने त्यांच्यासमोर अंगठा उठवला आणि भिंतीला धरून बाहेर आली.

“झाला काम, आय?” शकू उठून उभी राहिली.

“घर तुज्या नावान केला.” ठमी बाकावर बसली. “शके, सदा आता येनार न्हाय गो.”

शकू शेजारी टेकत म्हणाली, “मना म्हाईत हाय, आय.”

“कंदीपासना?”

“तवापासनाच. बोटीवरच्या शिवदासनी सांगलता. त्याच्या डोल्यांम्होरं बुडला.”

“नि तू बोलली न्हाय मना?”

“बोलली आसती त तू जेवली आसतीस का?”

ठमीच्या तोंडून हंबरडा फुटला. रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. शकूने तिला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. “रड, आय. रडून घे.”

ठमी पोटभर रडली. शकू कधी रडली असेल, कुठे जाऊन, कुणाला धरून, हे तिला विचारायचं होतं. तेवढं विचारायचं धाडस काही तिला झालं नाही.