आत्ताच जेवलो

डेटिंगच्या एका साइटवरची खोटी खाती पकडणं हे माझं काम. साइट प्रौढांची, व्हिडिओ चॅटची सोय असली तरी बहुतेक गप्पा टाइप करूनच, आणि तिथल्या निम्म्या बायका म्हणजे दाढीमिशीवाले बाप्ये. फोटो मी बघतसुद्धा नाही, तो कुणाचाही उचलता येतो. मी क्रियापद बघते. 'कंटाळले रे एकटी,' असं आठवडाभर लाडात लिहिणारी बया एक दिवस घाईत लिहून जाते, 'थांब, आत्ताच जेवलो.' झालं! खातं बंद. कामावर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच शिकवते. बाकीची अक्कल ज्याची त्याने आणावी.

माझा नवरा ग्राहकसेवेत आहे. सहा महिने झाले, घरूनच काम करतो. दिवसभर खोलीचं दार लावून टाइप करत बसतो. कसले ग्राहक म्हणून विचारलं, तर म्हणतो, "तुला नाही कळायचं." मीही नाद सोडला.

काल माझं डोकं दुखत होतं, म्हणून दुपारीच घरी आले. ओट्यावर सकाळची भांडी तशीच पडलेली बघून आणखी उठलं. बंद दारावर थाप मारून ओरडले, "अरे, जेवलास तरी का?"

आत बोटं धडाधड चालू होती. ती न थांबवताच तो म्हणाला, "हो गं, आत्ताच जेवले."

मग बोटं थांबली.

"बये," मी म्हटलं, "दार उघड."