भूत रेखाटणारं यंत्र

पनवेलच्या एस.टी. स्टँडमागच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. साल ब्याण्णव. लग्न नव्हतं, मुंज नव्हती. स्वानंद महाराज माणसाच्या डोक्यातलं भूत कागदावर उमटवून दाखवत होते.

व्यासपीठावर होमकुंड, आणि शेजारी यंत्र. त्याला ओळीनं लेखण्या, खाली सरकणारा कागद आणि तारा जोडलेली रबरी पट्ट्यांची टोपी.

"जुने मांत्रिक लिंबू कापायचे, भक्तहो! आमचं सगळं सायंटिफिक!" महाराज गरजले. "हे यंत्र मेंदू वाचतं. तुमच्या मेंदूत फुकटचा भाडेकरू कोण राहतोय, ते इथे दिसेल. आणि आम्ही त्याला नोटीस न देता बाहेर काढू!"

यंत्र खोटं नव्हतं. एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या भंगारातून ते आलं होतं. म्हणूनच तर गंडेदोरे पाहून नाक मुरडणारी नव्या कॉलनीतली नोकरदार मंडळीसुद्धा आज चपला काढून, हात जोडून बसली होती.

कुमुद त्यांच्यातलीच. तिच्या मितालीला, नववीतल्या मुलीला, फिट यायच्या. मुंबईच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. दिवाळीत मामाकडे गोळ्या घ्यायच्या राहिल्या आणि भर अंगणात पोर कोसळली. तेव्हापासून शेजारणींची कुजबुज आणि कुमुदची उडालेली झोप. "करून तर बघू," नवरा विनायक म्हणाला होता, "त्यात नुकसान काय?"

मितालीचं नाव पुकारलं गेलं. महाराजांनी तिच्या डोक्यावर टोपी आवळली, पट्ट्यांच्या बटणांखाली मिठाचं पाणी लावलं आणि तिच्या तोंडात सुपारी घातली. "मंतरलेली आहे. दाढेखाली धर. जोरात चाव, बाळ!"

मितालीनं चावली. लेखण्या पिसाळल्या. कागदावर काळं रान माजलं. सभागृहातून एकच "आई गं!" उठलं. कुमुद व्यासपीठाकडे धावली.

महाराजांनी मोरपीस फिरवलं, हुंकार भरले. "आता थुंक! सुपारीबरोबर तोही बाहेर!" सुपारी होमात पडली. लेखण्या निमूट झाल्या.

"गेला! पण ताई, त्याचं खाणं म्हणजे त्या गोळ्या. घरात राहिल्या तर परत येईल. होमात टाका."

कुमुदनं पर्समधली गोळ्यांची पाकिटं काढली. हात कुंडाकडे गेला.

"आई, थांब!" मिताली ओरडली. "त्या माझ्या गोळ्या आहेत."

"बघा, तोच बोलतोय!" महाराज म्हणाले.

"तो नाही, मी बोलतेय. भूत गेलं म्हणालात ना आत्ताच?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मितालीनं महाराजांच्या थाळीतली नवी सुपारी उचलून दाढेखाली धरली. लेखण्या पुन्हा थयथयाट करू लागल्या. तिनं चावणं थांबवलं, लेखण्या थांबल्या. पुन्हा चावली, पुन्हा नाच.

"परत शिरलं!" महाराज किंचाळले.

"इतक्यांदा ये-जा करायला ही काय धर्मशाळा आहे?" मितालीनं सुपारी थुंकली आणि टोपी काढली. "आई, मुंबईला अशीच टोपी लावून माझ्या मेंदूचा आलेख काढला तेव्हा तुला बाहेर बसवलं होतं. तिथल्या बाई मला ओरडल्या होत्या, दात आवळू नकोस म्हणून. जबड्याचे स्नायू हलले की त्यांची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी उमटते, मग मेंदूचं काही कळत नाही. बस इथे. तूच चावून बघ."

"हात लावू नका! यंत्र कोपेल!"

"कोपू दे," कुमुद म्हणाली. आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला. ती बसली. मितालीनं टोपी बांधली, बटणं ओली केली. कुमुदनं सुपारी चावली.

तेच काळं रान. कुमुद कागदाकडे बघतच राहिली. आयुष्यात तिला कधी साधी भोवळ आली नव्हती.

कर्नाळ्याकडच्या वाडीवरची ठकी तरातरा पुढं आली. "आवं म्हाराज, या बाईंच्या अंगात बी हाय का? माज्या पोराच्या, देवजीच्या फिटच्या गोळ्या तुमी मागल्या आयतवारी जाळल्यात. फिट येऊन चुलीत पडता पडता वाचला तो! आनि आज म्हनता त्याच्यात आनखी एक भूत बसलंय? बसा की तुमी! चावा सुपारी!"

"आम्ही सिद्धपुरुष. आमच्यावर प्रयोग चालत नाही."

"सुपारी तं चालंल ना?"

सगळं कार्यालय उठलं. "बसा, महाराज, बसा!" महाराजांनी वाकून यंत्राची पिन उपटली. भूत गेलं की नाही ठाऊक नाही, पण महाराज मागच्या दारानं गेले. दारात मात्र वाडीची माणसं उभी होती, आणि त्यांनी महाराजांना पोलीस ठाण्यापर्यंत सोबत केली.

सोबत आलेला विनायक मान खाली घालून पुढं आला. त्यानं स्वतःहून पाणी आणलं. कुमुदनं पाकीट फोडून गोळी मितालीच्या तळहातावर ठेवली. "आणि देवजीला घेऊन उद्या आमच्याबरोबर दवाखान्यात चला," ती ठकीला म्हणाली.

वाचकहो, फिट हा मेंदूचा आजार आहे. त्याच्या गोळ्या मनानं बंद केल्या तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. कागदावरचं ते काळं रान म्हणजे बाधा नव्हे, हे पटत नसेल तर दोन बोटं कानशिलावर ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी उचललं गेलं? तो जबड्याचा स्नायू; त्याच्याच जोरावर महाराजांचं दुकान चालत होतं. तुमच्या दारात कुणी यंत्र घेऊन आला, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: आधी तू बस.