खंदकाची रुंदी

मुलीच्या लग्नाला दोन वर्षं झाली, तरी सासरे आणि जावई यांच्यातलं संभाषण "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" यापुढे काही सरकलं नव्हतं. दोघेही भिडस्त. मुलगी चहा करायला आत गेली की दोघे घड्याळाकडे असे बघत बसायचे, जणू आता तेच काहीतरी बोलेल.

एकदा मुलगीच म्हणाली, की याला टेबलावर बोटभर सैनिकांच्या लढाया खेळायचा नाद आहे, पुढच्या महिन्यात मित्र जमणार आहेत, पण मातीची तटबंदी आणि सैनिकांनी आत उभं राहायचे खंदक काही याला जमत नाहीत. सासऱ्यांचा सगळा जन्म पुस्तकं बांधण्यात गेलेला. ते पटकन म्हणून गेले, "मी करतो." असलं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. पण निदान बोलायला एक विषय तर होईल!

त्यांनी जीव ओतून काम केलं. थर्मोकोल तासून उतार केले, त्यावर खळीत भिजवलेला कागद चढवला, अंगणातली माती चहाच्या गाळणीने गाळून वर भुरभुरली. आगकाड्यांच्या फळ्या लावून खंदकाच्या भिंती धरल्या. रुंदी लढायांवरच्या एका पुस्तकातून घेतलेली, सैनिकाच्या उंचीच्या प्रमाणात: दोन माणसं अंग चोरून एकमेकांच्या बाजूने जातील एवढीच.

खेळाच्या दिवशी सकाळी त्यांनी खोकं उघडलं. जावई बघतच राहिला.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

त्याने एक सैनिक उचलून खंदकात ठेवला. सैनिक काठावरच अडकला. उभं राहता यावं म्हणून प्रत्येकाच्या पायाखाली कोटाच्या बटणाएवढी चकती होती. सासऱ्यांनी माप माणसाचं घेतलं होतं, चकतीचं नाही.

"मूर्खपणा झाला," ते पुटपुटले आणि खोक्याचं झाकण शोधू लागले. "नेतो मी हे परत."

"छे छे, माप तुमचंच बरोबर आहे. मी चकत्याच तोडतो."

"खबरदार! रंगवायला वर्षं गेली असतील तुमची!"

"मग खंदक कापायचा? इतकं सुरेख काम?"

"तुम्ही बसा एकमेकांचं मन जपत," मुलगी आतून ओरडली. "शत्रू जिना चढतोय!"

खरंच पावलं वाजत होती. सासऱ्यांनी एक खोल श्वास घेतला, खिशातली बाइंडिंगची सुरी काढली आणि खंदक मधोमध उभा चिरला.

"धरा! तिकडून नाही, खालून. आता सरकवा. अहो, हळू!"

आपण जावयावर ओरडलो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. जावई गुडघे टेकून ते म्हणतील तसं धरत होता. फटीत घाईघाईने खळ आणि माती दाबली. मित्र आत आले तेव्हा दोघांचे हात कोपरापर्यंत बरबटलेले होते.

सवयीप्रमाणे सासरे चप्पल घालू लागले.

"निघालात कुठे?" जावई म्हणाला. "खंदक कोण सांभाळणार? मला तर हल्ला करायचाय."

"मला नियम येत नाहीत हो."

"मग मी जिंकेन. तेवढंच बरं!"

तिसऱ्या डावात खंदक जावयाच्या हाती गेला. ओल्या खळीत रुतलेला आपला सेनापती ओढून काढत सासरे तावातावाने म्हणत होते, "हा फासा धरायचा नाही! टेबलाखाली गेला होता!"

"गेला नव्हता, बाबा!"

"मी बघितला ना!"

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं.