एक ट्रॉली, तीन घरं

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्यासोबत दारव्ह्याला चला. डोळ्यांपुढे एक जिनिंग आणा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात तो कारखाना. आवारात कापसाचा डोंगर, फाटकाशी ट्रॅक्टरची रांग आणि वर, जिन्याच्या टोकाला, काचेची थंडगार खोली. दिसली? तिच्या दारावर पाटी आहे, 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. तो कंपनीचा कॉम्प्युटर विभाग.

ममता त्या विभागाची प्रमुख. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून तिची मुलगी वैष्णवी दुपारी तिथेच कोपऱ्यात गृहपाठ करत बसे. आज मात्र तिचं गणितात लक्ष नव्हतं. मालक किसनराव काल आईला काय म्हणाले, ते तिने ऐकलं होतं.

"ममताबाई, तुमचा नवा प्रोग्राम आला तशा गाड्या फाटकावरून परत जाऊन राह्यल्या. सोमवारपर्यंत हे थांबलं नाही, तर तुमचा विभाग बंद. काम पुण्याच्या कंपनीले देतो."

म्हणजे आई दुसऱ्या गावी नोकरी शोधणार. वैष्णवीला दारव्हा सोडायचं नव्हतं.

तेवढ्यात खालून, वजनकाट्यावरून, फोन आला. आईच्या हाताखालच्या विक्कीने तो घेतला. "एका गाडीला एकच नाव. सिस्टीम दुसरं घेत नाही. बदल हवा असेल तर तक्रार नोंदवा, नंबर लागला की बघू."

फोनमधून एका बाईचा खणखणीत आवाज आला. "तुमचा नंबर लागेस्तोवर माह्या कापसाच्या वाती होतीन."

वैष्णवीला हसू आलं. वही मिटून ती खिडकीशी गेली. काट्याशी थांबलेली कापसाची ट्रॉली वरून थेट दिसत होती. पांढऱ्या कापसात एक हिरवी आणि एक लाल साडी आडवी लावलेली होती.

"आई, कापसात साड्या काहून टाकल्या?"

"कशाच्या साड्या?" ममता उठून आली. साड्यांनी कापसाचे तीन भाग केलेले तिला दिसले. मग म्हणाली, "विक्की, लॅपटॉप घे. खाली जाऊ."

"मॅडम, त्यांनाच वर बोलवू ना."

"त्या खूपदा वर येऊन गेल्या असतील. आपणच कधी गेलो नाही."

ट्रॉलीवर रुपीबाई बसली होती, बोरी अरबजवळच्या तांड्यावरची; फोनवरचा खणखणीत आवाज तिचाच. "हा माहा, तो सुखीबाईचा, पलीकडचा मानीबाईचा," ती हात दाखवत म्हणाली. "एकटीच्या कापसानं गाडी भरत नाही, म्हणून तिघी मिळून एक करतो. मिसळू नये म्हणून मधी साडी. पहिले एकीचा उतरवला की गाडी पुन्हा काट्यावर, मंग दुसरीचा. आता म्हणता, सगळा एकीच्या नावानं टाका. सुखीबाईचा कापूस दुधासारखा, मानीबाईचा पाल्याचा. एकच भाव लावून आमच्यात भांडण लावता काय?"

"पाला असू दे," ट्रॉलीशेजारी उभी मानीबाई म्हणाली, "पण माह्या घरचा आहे."

ममताने वाद घातला नाही. "चुकलं आमचं, मावशी. गाडी एक म्हणजे मालक एक, असंच आम्ही धरलं."

काट्याशेजारी टेबल लागलं. विक्कीने खिडकीतून वायर खाली सोडली. पहिल्या खेपेस प्रोग्रामने मानीबाईचा सगळा कापूस रुपीबाईच्या नावावर चढवला.

"पाहा," रुपीबाई म्हणाली, "मशीनलेही मधी साडी लावा लागते."

"तेच करून राह्यलो," विक्की कपाळाचा घाम पुसत म्हणाला, आणि तो स्वतःच हसला.

उन्हं कलली तेव्हा गाडी चार वेळा काट्यावर चढली होती आणि तीन नावांच्या तीन पावत्या निघाल्या होत्या. किसनराव सगळं बघत उभे होते.

"हे टेबल इथं कितीक दिवस?"

"विभागातलं कोणी तरी रोज इथंच बसेल," ममता म्हणाली. "काय अडतं ते वर बसून कळत नाही."

किसनरावांनी मान हलवली. "मंग सोमवारी पुण्याचा फोन आला, तर मी उचलत नाही."

रुपीबाई साड्यांच्या घड्या घालत होती. इतक्यात मागची ट्रॉली काट्यावर आली. तिचा चालक खाली उतरला आणि सवयीने जिन्याकडे निघाला. वैष्णवी धावत त्याच्या आडवी गेली.

"वर नका जाऊ, काका," ती म्हणाली. "तुमच्या गाडीत किती घरचा कापूस आहे?"