प्रार्थनेत सांगितलेलं

प्रकाशकाच्या कचेरीत त्या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत. सख्ख्या सोडा, लांबच्याही बहिणी नव्हत्या त्या. पण दोघी ख्रिस्ती वाचकांसाठी एकाच धाटणीच्या कादंबऱ्या लिहायच्या. त्यात एक प्रेम, एक खून, आणि शेवटच्या पानापर्यंत देवावरचा विश्वास शाबूत. विसाव्या प्रकरणाआधी नायकाने नायिकेचा हात धरायचा नाही, आणि खलनायकाने तीन मुडदे पाडले तरी तोंडातून शिवी काढायची नाही.

"काय गं हा आपला गुंड," धाकटी हसायची, "माणसं मारतो, पण जीभ बघ कशी धुवून-पुसून ठेवलेली!"

बारा वर्षं रोज सकाळी सहाला धाकटीचा फोन यायचा. आधी दोघींची मिळून प्रार्थना, मग आपापलं लिखाण. थोरलीचा नवरा गेला त्या सकाळीही हा नेम मोडला नव्हता. प्रार्थनेत काहीही बोलायची मुभा होती, कारण ते एकमेकींना सांगणं नव्हतंच मुळी. डोळे मिटून देवापुढे मन मोकळं करायचं, फोन ठेवला की विषय संपला.

थोरलीचा आणखी एक नेम होता. घरचं माणूस पुस्तकात आणायचं नाही. लेक नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा तो पाळणं जड गेलं. लेक खोलीचं दार लावायची आणि आतल्या हँडलवर स्टीलचा पेला तोलून ठेवायची. हँडल जरा हललं की पेला फरशीवर पडणार आणि तिला जाग येणार. चार महिने ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. मग एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिकडेही ठेवायचे मी. तो आला की कळायला हवं ना. कुणाला बोलू नकोस हं, आई."

थोरलीचे हात शिवशिवले. असा तपशील रहस्यकथा लिहिणाऱ्याला वर्षभर शोधून सापडत नाही. तरी तिने तो वहीत टिपला नाही. फक्त दुसऱ्या सकाळी प्रार्थनेत तिला रडू फुटलं, आणि देवाला तिने सगळं सांगितलं.

आज टपालाने धाकटीच्या नव्या कादंबरीची छापील पानं आली होती. मलपृष्ठासाठी थोरलीने कौतुकाच्या चार ओळी लिहायच्या, हा त्यांचा शिरस्ता. ती चष्मा लावून वाचत सातव्या प्रकरणापर्यंत आली. नायिका दार लावते. हँडलवर पेला ठेवते. पुढच्या पानावर भाजी निवडणारी आईसुद्धा होती. आणि उतरलंही असं होतं की वाचताना थोरलीच्या अंगावर काटा आला. तिला स्वतःला इतकं जमलं नसतं.

तिने भर दुपारी फोन लावला.

"वाचलंस, ताई? कसं वाटलं?"

"सातवं प्रकरण."

"मी नाव बदललंय, ताई. नवऱ्याला डॉक्टर केलाय."

"तुला नव्हतं सांगितलं मी ते."

"मग कुणाला?"

"देवाशी बोलत होते मी!"

"आणि मी काय कान काढून बाजूला ठेवायचे? हे बघ, मी यावर प्रार्थना केली. मनाला शांती मिळाली, तेव्हाच लिहिलं. हे वाचून एखादी तरी बाई दार उघडून बाहेर पडेल की नाही?"

थोरली सभांमधून स्वतः असंच बोलायची. शब्दही तेच.

"काढून टाक ते."

"आतली पानं सोमवारी छपाईला गेली गं. फक्त वरचं कव्हर राहिलंय."

म्हणजे आपल्याकडे विचारायला नव्हे, चार ओळी घ्यायला पानं आली होती. "ओळी मिळणार नाहीत," थोरली म्हणाली, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा निरोप न घेता तिने फोन ठेवला.

लेक दारात उभी होती. दोघींच्या पुस्तकांतल्या छपाईच्या चुका एरवी तीच काढायची; या खेपेला तिच्याकडे पानं आलीच नव्हती. "मावशीचं आलं वाटतं? दे की इकडे."

अजून यायचंय, असं सांगता आलं असतं. पण लेकीची सासू या दोघींचं प्रत्येक पुस्तक विकत घ्यायची. तिच्याकडून कळण्यापेक्षा... थोरलीने सातवं प्रकरण काढून हातात दिलं.

लेकीने उभ्याउभ्याच वाचलं. मध्येच एक चुकलेली वेलांटी तिने सवयीने पेन्सिलीने दुरुस्त केली.

"मावशीला कुणी सांगितलं?"

"तिला नाही गं सांगितलं. प्रार्थनेत बोलले. देवाशी."

"मोठ्याने?"

"हो."

"फोनवर?"

"...हो. पण बारा वर्षांत तिने कधी असं..."

"माझं नाव घेऊन?"

"प्रार्थनेत नाव घेतातच ना, बाळा."

लेकीने पानं टेबलावर नीट रचून ठेवली. "मावशीने निदान नाव तरी बदललं."

तिने माझा घात केला, असं थोरलीला म्हणायचं होतं. सातवं प्रकरण वाचल्यापासून ते वाक्य तिच्या मनात तयार होतं. लेकीकडे बघून ते तोंडातून निघेना.

"यापुढे माझं नाव घ्यायचं नाही," लेक म्हणाली. "देवापुढेसुद्धा नाही."

"अगं, आई आहे मी. तुझ्यासाठी मागायचं नाही तर कुणासाठी..."

"नाही म्हटलं ना."

संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या. थोरलीने हात जोडले, डोळे मिटले. अन्नासाठी आभार मानले, घरासाठी मानले. पुढे जिभेवर आलेलं तिने गिळलं आणि आमेन म्हटलं.

डोळे उघडले, तर लेकीने मिटलेच नव्हते. ती आईच्या ओठांकडे बघत होती.